रसातली थरथर

बस्त्याव डिसोझाच्या बरणीत वाइनऐवजी व्हिनेगर झालंय, हे हर्षदा राऊळला फाटकातच कळलं. नाकात शिरणारा तो आंबट वास अंगण ओलांडून रस्त्यापर्यंत आला होता. तिचा नवरा निशिकांत मात्र बरणीवर वाकला, नेहमीसारखे डोळे मिटून त्याने लांब श्वास घेतला आणि बस्त्यावला सांगितलं की छान चाललंय, अजून थोडे दिवस राहू दे.

बस्त्याव वयस्कर माणूस. त्याने एकदा निशिकांतकडे पाहिलं, एकदा हर्षदाकडे पाहिलं, आणि 'बरं' म्हणून बरणीवर फडकं झाकलं.

घरच्या पायरीवर आल्यावर हर्षदाने विचारलं, "कधीपासून?"

निशिकांतने चपला काढून भिंतीला लावून ठेवल्या. "दिवाळीच्या तापापासून," तो म्हणाला. "कसलोच वास येना नाय."

तेव्हा तिला बाकीच्या गोष्टींचा उलगडा झाला. गेले काही महिने तो जेवताना वरून मीठ-तिखट मागून घेत होता आणि तिला वाटत होतं, आपल्याच हाताची चव गेली. डॉक्टरांना तो गुपचूप भेटून आला होता. तापाच्या विषाणूने वासाच्या नसा दुखावल्या आहेत, वास येईल तेव्हा येईल, कदाचित येणारही नाही, असं त्यांनी सांगितलं होतं.

दुसऱ्या कोणाचं नाक गेलं असतं तर गोष्ट एवढी मोठी नव्हती. पण सावंतवाडीपासून आत असलेल्या त्या कोनाळवाडीत निशिकांतच्या नाकावर सगळा हंगाम चाले. पूर्वी काजूची बी पिरगळून काढली की लालपिवळे बोंडू, म्हणजे काजूची रसाळ फळं, झाडाखाली कुजून जात. घरगुती फळवाइनचे परवाने निघाल्यापासून मात्र घरोघर ओसरीवर बोंडूच्या रसाच्या मोठ्या काचेच्या बरण्या दिसू लागल्या. रस आंबायला ठेवणं सोपं; तो कधी थांबवायचा, कधी गाळायचा, कुठे बिघडतोय, हे ओळखणं कठीण. तिथे लोक निशीभाऊला बोलावत. तो वाकून वास घ्यायचा आणि सांगायचा. कसं कळतं, असं कोणी विचारलं तर म्हणायचा की ते सांगता येत नाही. आपल्या मुलीला, स्वरूपाला, त्याने लहानपणापासून बरण्यांवर वाकायला शिकवलं होतं. तिचं नाक चांगलं होतं. पण तिने सागरी अभियांत्रिकी केली आणि मालवाहू जहाजावर इंजिनियर म्हणून निघून गेली. त्यावरून भांडण असं झालं नव्हतं. फक्त तिचा फोन आला की तो "बरी आसस मां?" एवढं विचारायचा आणि फोन हर्षदाच्या हातात द्यायचा.

आता त्याने बरण्या धुवून पोटमाळ्यावर ठेवायला काढल्या. हर्षदा ते पाहत राहिली आणि दुसऱ्या दिवशी आपल्या दुकानात जाऊन कामाला लागली.

सावंतवाडीच्या बाजारात तिचं दुरुस्तीचं दुकान होतं. इन्व्हर्टर, सौरपंपांचे कंट्रोलर, बहिऱ्या माणसांच्या स्पर्शपट्ट्या, जे येईल ते ती उघडायची. तिच्या डोक्यात साधा हिशेब होता. साखरेचा रस पाण्यापेक्षा जड असतो. यीस्ट ती साखर खातं, त्यातून अल्कोहोल आणि वायू तयार होतो. वायू बुडबुड्यांतून उडून जातो आणि अल्कोहोल पाण्याहून हलकं असतं. म्हणजे आंबताना रस रोज थोडा थोडा हलका होत जातो. तो किती हलका झाला हे मोजलं की किती साखर उरली ते कळतं. त्यासाठी काचेचा हायड्रोमीटर मिळतो, पण त्याला दर वेळी झाकण उघडून रस काढावा लागतो, आणि उघडताना हवा व माश्या आत जातात. बस्त्यावच्या बरणीत बहुधा तेच झालं होतं.

तिने सोड्याची प्लास्टिकची बाटली कारखान्यात गरम करून फुगवण्याआधी असते तशी जाड, पारदर्शक प्लास्टिकची नळी मिळवली. तिच्यात टॉर्चमधला चार्ज होणारा सेल मुद्दाम जरा एका अंगाला बसवला, म्हणजे नळी सरळ न तरंगता तिरकी तरंगेल. मोबाइल आडवा केला की पडदा फिरतो, तो ज्या चिपमुळे, तशीच चिप आत घातली आणि संदेश पाठवणारा छोटा बोर्ड जोडला. रस दाट असेल तर तो नळीला जास्त उचलून धरतो, मग ती अधिक आडवी पडते. रस पातळ होईल तशी ती उभी राहत जाते. झाकण न उघडता, नुसत्या कलण्यावरून, फोनवर आकडा दिसणार होता.

कोणत्या कलण्याचा कोणता आकडा, हे ठरवण्यासाठी तिने न्हाणीघरातल्या बादलीत साखरेचं पाणी केलं. साखर वाढवायची, नळी सोडायची, कल मोजायचा, पुन्हा साखर. घरातली साखर संपली. निशिकांत दुकानातून आणखी घेऊन आला आणि दारात उभा राहून बघू लागला. तिने उत्साहाने सगळं समजावून सांगितलं.

तो ऐकून घेऊन म्हणाला, "म्हणजे माझ्या नाकाच्या जाग्यार ही नळी."

त्याने साखरेची पिशवी खाली ठेवली आणि तो बागेत निघून गेला. हर्षदाला राग आला. तिने एक बरणी पोटमाळ्यावरून परत खाली आणली, बोंडू आणून स्वतः रस काढला, तो गाळला, यीस्ट घातलं आणि नळी सोडून दिली.

नळीने काम चोख केलं. पण हर्षदाला एका गोष्टीचा त्रास होता. आकडा स्थिर येत नव्हता, सारखा इकडेतिकडे हलत होता. बुडबुडे नळीला चिकटत, मोठे होत आणि सुटून वर जात. प्रत्येक वेळी नळी किंचित हलायची. अशा नळ्या करणारे सगळे हा गोंधळ सरासरी काढून पुसून टाकत. तिनेही तेच करायचं ठरवलं, पण त्याआधी तो एकदा नीट पाहावा म्हणून चिप सतत जागी ठेवली. पूर्वी असं केलं असतं तर सेल लगेच संपला असता. आताच्या चिपा इतकी कमी वीज पीत की पूर्ण आंबेपर्यंत त्या सहज जाग्या राहत.

पडद्यावर आलेली रेघ केसाळ दिसत होती. आणि ते केस रोज वेगळे होते. यीस्ट नुकतं जागं झालं तेव्हा बारीक आणि विरळ, भरात आलं तेव्हा दाट, नंतर लांब आणि सावकाश. तिला त्यातून काही वाचता येईना. ती फक्त एवढं समजली की हा गोंधळ नाही. बरणीत कोट्यवधी जीव खातायत, श्वास सोडतायत, त्यांची ही चाहूल आहे.

दुकानात एका गिऱ्हाइकाने जुनी म्हणून देऊन टाकलेली स्पर्शपट्टी पडली होती. तळहातावर बांधायची पातळ पट्टी. आवाजाचे बारीक ठोके करून ती कातडीवर उमटवते, आणि थोड्या सरावाने ऐकू न येणारी माणसं त्यावरून बोलणं ओळखतात. मेंदूला कातडीवरून काय आलं आणि कानावरून काय आलं याने फारसा फरक पडत नाही. नियमित काही येत राहिलं की तो त्याचा अर्थ लावायला लागतो. हर्षदाने नळीची थरथर त्या पट्टीला जोडली.

निशिकांत ओसरीवर पंचांगाचा पंखा करून वारा घेत होता. तिने न विचारता त्याचा हात ओढला आणि पट्टी बांधली.

तो आधी वैतागला. मग त्याने डोळे मिटले. हर्षदाने त्याला बरणीवर वाकताना हजारदा पाहिलं होतं; तसाच त्याचा चेहरा आता झाला होता. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं की या रसात झाडावरून तोडलेले बोंडू घातलेस का. पिकून पडलेलेच घ्यायचे असतात हे तिला ठाऊक होतं, पण रागाच्या भरात तिने हाताला येतील ते तोडले होते.

"तुमका कसा कळला?" तिने विचारलं.

"ह्येंका भूक लागली हा, पण तोंड वाकडा करून खातत," तो म्हणाला, आणि दिवाळीनंतर पहिल्यांदा मोठ्याने हसला.

त्यानंतर पट्टी त्याच्या हातावरून निघेना. जेवताना डाव्या हाताला, बागेत उजव्या हाताला. सगळं लगेच कळायला लागलं असं नाही. वासाची भाषा त्याला येत होती, ही नवी शिकायची होती. तो बरणी उन्हात ठेवून बघे, सावलीत ठेवून बघे, साखर घालून बघे, आणि प्रत्येक वेळी हाताला काय वाटतं ते हर्षदाला सांगे. आयुष्यात पहिल्यांदाच तो ते सांगू शकत होता. नाकातलं दुसऱ्याला देता येत नव्हतं. हातावरचं तो पट्टी काढून तिच्या हाताला बांधून दाखवत होता. संध्याकाळी दोघं ओसरीवर आळीपाळीने पट्टी बांधून वाद घालत बसत, आणि हर्षदाला वाटे, लग्नाला इतकी वर्षं झाली पण आपण एवढ्या गप्पा कधी मारल्या नव्हत्या.

दुसरी पट्टी स्वरूपाला पाठवायची कल्पना हर्षदाची. जहाज कोची बंदराला लागणार होतं, तिथे पार्सल पोचलं. उपग्रहामार्फत बरणीची थरथर समुद्रातल्या जहाजावरही पोहोचत होती. पट्टी बांधल्याच्या दिवशी स्वरूपाचा फोन आला तो आईला नव्हे, बाबांना. इंजिनरूममध्ये आम्ही असंच करतो, ती म्हणाली. पडद्यावर सगळे आकडे असतात, तरी मुख्य इंजिनियर येता-जाता पंपावर हात ठेवतो. बेअरिंग बिघडायच्या आधी हाताला कळतं.

निशिकांतने विचारलं, कसं कळतं? आणि तिने सांगितलं. मग त्याने बरणीचं सांगितलं. हर्षदा फोनची वाट पाहत शेजारी बसली होती; तिच्या वाट्याला तो त्या दिवशी आलाच नाही. पुढे हे रोजचं झालं. आपली मुलगी दिवसभर काय करते हे निशिकांतला इतक्या वर्षांनी कळू लागलं, आणि ते त्याला आवडलं.

असं सगळं छान चाललेलं असताना बचत गटाच्या टाकीचा प्रश्न उभा राहिला.

वाडीतल्या बायकांच्या गटाने त्या वर्षी मोठी उडी घेतली होती. जुन्या भातगिरणीच्या शेडमध्ये त्यांनी स्टीलची टाकी बसवली आणि वाडीभरचा रस एकत्र केला. हर्षदाने त्यांना नळी करून दिली. स्टीलमधून संदेश बाहेर येईना, म्हणून झाकणाला काचेची खिडकी बसवून घेतली. गटाची अध्यक्ष सुनेत्रा परब धडाडीची बाई. तालुक्याच्या काजू महोत्सवात कोनाळवाडीच्या बाटल्या मांडायच्या, असं तिने सगळीकडे सांगून ठेवलं होतं. महोत्सव जवळ आला आणि नेमका नळीचा आकडा थांबला. दोन-तीन दिवस हलला नाही. थोडी साखर उरली होती, पण सुनेत्राचं म्हणणं, जरा गोडसर असलेली लोकांना आवडते. बाटल्या भरायचा दिवस ठरला.

निशिकांतने त्या दिवशी शेडमध्ये जाऊन पट्टी टाकीच्या नळीला जोडली आणि त्याचा चेहरा उतरला. हाताला काही लागत नव्हतं. पण नाहीच, असंही नव्हतं. मधेच एखादा क्षीण, तुटक स्पर्श. आकडा सांगतो, साखर किती उरली. ती खाणारे मेलेत की नुसते निपचित पडलेत, हे आकडा सांगत नाही. मेले असतील तर बाटल्या भरायला हरकत नव्हती. जिवंत असतील तर बंद बाटलीत, मे महिन्याच्या उष्म्यात, ते पुन्हा जागे झाले असते, वायू कोंडला असता, आणि महोत्सवाच्या गर्दीत काचा फुटल्या असत्या.

त्याला स्वतःची खात्री वाटेना. पूर्वी नाकाने एका श्वासात निकाल दिला असता. त्याने शेडच्या मागे जाऊन स्वरूपाला फोन केला आणि टाकीची थरथर तिच्या पट्टीवर पाठवली. काय वाटतं ते सांगितलं नाही, फक्त विचारलं. तिच्या मागून इंजिनाची घरघर ऐकू येत होती.

"बाबा, ता बंद पडलेला नाय," ती म्हणाली. "ता धापा टाकता. खूप तापल्यार इंजिन असाच करता."

तो आत आला तेव्हा बायका बाटल्या मांडत होत्या. त्याने भरू नका म्हटल्यावर गलका झाला. सुनेत्राने शांतपणे विचारलं, वास घेऊन सांगतोस का, मग आम्ही थांबतो.

झाकण उघडून वाकणं आणि मान डोलावणं सोपं होतं. सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. हर्षदा दाराशी उभी होती, तिला क्षणभर वाटलं, हा तेच करणार.

"माका वास येना नाय," निशिकांत म्हणाला. "दिवाळीपासून नाय. मी हातान सांगतंय."

मग त्याने पट्टी काढून सुनेत्राच्या हाताला बांधली. तो एखादा तुटक स्पर्श येईपर्यंत तिला उभं केलं, आणि नंतर घरच्या बरणीची थरथर लावून दिली. निरोगी, भरगच्च, पावलांच्या गर्दीसारखी. सुनेत्राने हात मागे घेतला आणि पुन्हा पुढे केला.

"बस्त्यावच्या बरणीच्या टायमाक सांगूक होया होता," ती म्हणाली. "वास रस्त्यार येय होतो, पण त्या म्हाताऱ्यान कोणाक एक शब्द सांगूक नाय." आणि वळून तिने बायकांना बाटल्या परत खोक्यात भरायला सांगितलं.

पत्र्याच्या शेडचा उष्मा हेच कारण होतं. बायकांनी छपरावर माडाच्या झावळ्या पसरल्या, टाकीला ओली गोणपाटं गुंडाळली, वर पाणी शिंपडत राहिल्या. रस निवला तशी निशिकांतने घरची भरात आलेली बरणी आणून टाकीत ओतली, म्हणजे थकलेल्यांच्या मदतीला ताजे. दिवसभर काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो टाकीला जोडलेली पट्टी हाताला बांधून बागेत काजू वेचत होता. हातातली परडी त्याने खाली ठेवली आणि तो तसाच शेडकडे पळत सुटला. वाटेतच फोन वाजला. स्वरूपाला त्याच वेळी, त्याच क्षणी कळलं होतं. दोघंही एकदम बोलत होते, त्यामुळे कोण काय म्हणालं ते दोघांनाही नीट ऐकू गेलं नाही. दुपारपर्यंत पडद्यावरचा आकडासुद्धा उतरू लागला.

महोत्सवाला मांडायला मात्र बाटल्या नव्हत्या. सुनेत्रा म्हणाली, रिकाम्या टेबलामागे मी बसणार नाही. तेव्हा हर्षदाने दुकानातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या स्पर्शपट्ट्या गोळा केल्या आणि टेबलावर मांडल्या. येणाऱ्याच्या हातावर पट्टी बांधायची आणि सांगायचं, ही आमची टाकी, आत्ता या घटकेला ती अशी चालली आहे. लोक आधी बिचकत, मग हसत सुटत. एकीला वाटलं, हातावरून मुंग्यांची रांग चालली आहे. एकाला आपल्या बायकोच्या पोटावर हात ठेवल्याची आठवण झाली आणि तो लाजला. कर्णबधिर शाळेतली मुलं शिक्षकांबरोबर आली. त्यांना पट्टी नवी नव्हती, ती लगेच एकमेकांना खुणांनी सांगू लागली की यात खूप जण एकदम बोलतायत. टेबलापुढे रांग लागली. तयार वाइन असलेल्या शेजारच्या स्टॉलवरचे लोकही आपलं सोडून तिथे येऊन उभे राहिले. सुनेत्राकडे मागण्या नोंदवायला माणूस पुरेना.

टाकी पूर्ण शांत झाली तेव्हा स्वरूपा सुट्टीवर घरी आलेली होती. रस निवळला, गाळून झाला, आणि निशिकांतने पहिला पेला वाडीला द्यायचं ठरवलं. शेडच्या दारात बाकं टाकली. त्याने स्वतः एक घोट घेतला. गोडपणा गेला होता, जिभेवर तुरटपणाची हलकी किनार होती. एवढंच त्याला कळलं. आयुष्यभर लोक त्याला विचारत आले होते. आज त्याने पेला पुढे करून विचारलं, वास कसा आहे ते सांगा.

स्वरूपाने डोळे मिटून घेतले आणि पिकल्या पेरूचा, आणि मागे जरासा मधाचा, असं सांगितलं. सुनेत्रा म्हणाली, पेरू कसला, हा सरळसरळ फणस आहे. बस्त्याव दोघींना हसला आणि म्हणाला, नाताळात चर्चला नवीन रंग दिलेला असतो, तसा. त्यावरून जोरदार वाद जुंपला, कोणी तिसरंच काही सुचवलं, आणि निशिकांत पेला हातात धरून एकेकाकडे बघत पोटभर हसत राहिला.

शेवटी त्याने पेला हर्षदापुढे केला. तिने वास घेतला, मग घोट घेतला.

"लग्नाआधी तुम्ही सायकलीक बोंडवाची पाटी बांधून आमच्या दारावरसून जात होतास," ती म्हणाली. "तुम्ही गेल्यावर मागे वास रवायचो. तसो."

निशिकांतला ती वाट आठवत होती, पाटी आठवत होती, चढणीवर खाली उतरून ढकलावी लागणारी सायकलही आठवत होती. त्या दारात कोणी उभं असायचं, हे मात्र त्याला आजच कळत होतं.